तीन शिट्ट्या झाल्या की सांग

पत्र :

“ताई, मी चाकणला एका कंपनीत फिटर आहे, आयटीआय झालंय. आठ महिने झाले, कायम तिसरी पाळी आहे. मिसेस मेडिकलच्या दुकानात कामाला जाते, सकाळी नऊला निघते ती संध्याकाळी सातला येते. मुलगी पावणेचार वर्षांची आहे. दहा ते एक ती अंगणवाडीत असते, तेवढ्यात मी झोप काढतो, उरलेली झोप मिसेस आल्यावर. एक ते सात घरात ती आणि मी. संध्याकाळचा स्वयंपाक मीच लावतो. त्या वेळी तिला मोबाइल द्यावा लागतो, नाहीतर ती सारखी पायात पायात येते. शेजारची मुलगी तिच्याच वयाची आहे, इंग्लिश नर्सरीत जाते. ती ए टू झेड लिहिते, शंभरपर्यंत आकडे म्हणते. आमची अजून ‘क’ काढत नाही, वीसच्या पुढे गोंधळते आणि रिक्षाला लिक्षा म्हणते. मिसेसला वाटतं, आपण नोकरी करतो म्हणून पोरगी मागे पडली. तिला रात्री रडू येतं. मला शिकवता येत नाही, माझं स्वतःचंच अक्षर चांगलं नाही. एकानं साडेचार हजारांचा ब्रेन किट दाखवलाय, हप्त्यानं देतो म्हणतो. घेऊ का? आणि दुपारी तिच्याकडून रोज काय काय करून घ्यायचं ते क्रमानं सांगा.
— एक बाबा”

नमस्कार बाबा,

किट घेऊ नका. हप्त्यानं नको आणि रोखीनंही नको. असल्या किटमधली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे त्याचं खोकं, आणि खोकं वाण्याकडे फुकट मिळतं. साडेचार हजारांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

‘क्रमानं सांगा’ म्हणालात. एकतीस वर्षं बालवाडी चालवली, तरी दुसऱ्याच्या घरातल्या दुपारचा क्रम मला लावून देता येत नाही. पूर्वी द्यायचे. पालकसभेत चक्क छापील कागद वाटायचे, सोमवारी रंग, मंगळवारी आकार असे. मग एकदा एक आई सांगायला आली, की मंगळवारी आभाळात इंद्रधनुष्य आलं, पोर नाचत ‘आई, रंग बघ’ म्हणत होती आणि मी तिला म्हटलं, थांब, आज आपले आकार आहेत. त्या दिवसापासून माझे कागद बंद झाले.

तेव्हा क्रम राहू दे, मी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य घेऊन बसते. ‘ती सारखी पायात पायात येते.’ तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत, मला मात्र वाचून आनंद झाला. या वयाचं मूल मोठ्यांच्या पायात येतं कारण तिथे खरं काम चाललेलं त्याला दिसतं. भातुकलीतला कुकर तिच्याकडे असेलच. तिला तुमचा हवाय. तर तिला पायातून उचला आणि कामात घ्या. माझं सांगणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचं पाल्हाळ.

कुकरपासूनच सुरुवात करू. तांदळाच्या डब्यातली वाटी तिच्या हातात द्या. “आज तीन वाट्या.” तिनं भरायची, बोटानं सपाट करायची, मोठ्यानं मोजत पातेल्यात ओतायची. थोडे दाणे सांडतील, ते तिनंच वेचायचे. “एका वाटीला दोन वाट्या पाणी, मग आपल्याला किती लागेल?” असं विचारा आणि उत्तराची घाई करू नका. नाही आलं तरी चालेल. तांदळाची एक वाटी ओट्यावर ठेवा, तिच्यापुढे पाण्याच्या दोन मांडा, पुन्हा एक, पुन्हा दोन. तिच्या डोळ्यांना दिसलं म्हणजे आजचं काम झालं. मग कुकर चढवा, तिला ओट्यापासून लांब, दारात पाटावर बसवा आणि सांगा, “तीन शिट्ट्या झाल्या की मला सांग.”

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. ओळीनं ‘एक, दोन, तीन’ म्हणणं ही नुसती चाल असते, गाण्यासारखी. शिट्ट्या मोजताना मात्र एक शिट्टी झाली की पुढची यायला वेळ लागतो. मध्येच खिडकीत मांजर येतं, तुमचा फोन वाजतो, आणि तरीही मघाचा आकडा मनात धरून ठेवायचा असतो. पुढची शिट्टी आली की त्यात एक मिळवायचा. आणि तिनं सांगितलं नाही तर भात गिचका होणार, म्हणजे तिच्या मोजण्यावर घराचं जेवण अवलंबून आहे! पहिल्या दिवशी ती पहिल्याच शिट्टीला “झाल्या!” म्हणून ओरडेल. “एक झाली. अजून किती?” एवढंच म्हणायचं. आठवडाभरात जमेल. मग एखाद्या दिवशी डाळ लावताना शिट्ट्या वाढवा.

शंभरपर्यंतच्या आकड्यांचं म्हणाल तर त्यात तुमच्या लेकीपेक्षा आपल्या भाषेचा दोष जास्त आहे. आपण लिहितो २१, आधी दोन मग एक, आणि म्हणतो ‘एक-वीस’, आधी एक मग वीस. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे मोठ्या माणसालासुद्धा थांबून आठवावं लागतं. तीनाचं तर विचारूच नका. तेवीसमध्ये ‘ते’, त्रेचाळीसमध्ये ‘त्रे’, त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं म्हणायची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? किती विनोद झाले! मलाही ते वाचायला विचित्रच वाटलं, पण ज्या अडचणीवर तो उपाय होता ती अडचण खरी आहे, रोज बालवाडीत बसणाऱ्या कुणालाही ती माहीत असते. दुसरीतल्या मुलांना जे जड जातं, त्यात पावणेचार वर्षांची मुलगी गोंधळली तर ती शहाणीच म्हणायची. दहापर्यंतचं पक्कं होऊ दे. पक्कं म्हणजे तोंडपाठ नव्हे. “सात चमचे आण” म्हटल्यावर सातच आले पाहिजेत, आणि ते चमचे लांब लांब पसरून ठेवले तरी “किती?” या प्रश्नावर ती पुन्हा मोजायला न बसता “सातच” म्हणाली पाहिजे. शेजारच्या मुलीला हे येतं का ते बघायला जाऊ नका. तुमच्या घरी बघा.

आणि तुम्ही स्वतःच पत्रात ‘पावणेचार’ लिहिलंय. चाराला पाव कमी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या घरात पोळीच्या तुकड्यापासून दुधाच्या पिशवीपर्यंत सगळीकडे सांडलेले असतात. पोळी तिच्यासमोर मोडा. “ही अर्धी तुला, अर्धी मला. आता तुझ्या अर्धीचे दोन कर. पाव झाली.” अपूर्णांक ती पुढे शाळेत शिकेल, पण तेव्हा तिला पोळी आठवेल.

आता ‘क’. मिसेसना हे वाचून दाखवा. अक्षर काढायला आधी हात तयार लागतो. या वयात मनगटातली हाडं अजून पुरती घट्ट झालेली नसतात, बोटांची ताकद पुरेशी नसते. अशा हातात पेन्सिल कोंबली की मूल ती मुठीत धरतं, कागद फाटेपर्यंत दाबतं आणि दोन ओळींत दमतं. मग ती सवय सोडवता सोडवता पहिली-दुसरी जाते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याच मुलाला मी तिसऱ्या वर्षी पाटीवर बसवला होता. बालवाडीच्या बाईंचा मुलगा ना, मागे कसा राहील! तो सगळी मुळाक्षरं काढायला शिकला आणि एक दिवस पाटी गायब झाली. दिवाळीच्या आधी डबे घासायला काढले तेव्हा बाजरीच्या पिठाच्या डब्यात तळाशी सापडली.

हात तयार करायची सामग्री तुमच्या घरात भरपूर आहे. कणकेचा गोळा तिला मळायला द्या. लसूण सोलायला द्या, पाकळीचं पातळ साल नखानं सोडवणं म्हणजे बोटांची तालीम आहे. मटाराच्या दिवसांत शेंगा द्या. दोरीवरचे कपडे काढताना चिमटे तिला काढू द्या, दोन बोटांत दाबून उघडायचे असतात ते. ओला रुमाल पिळणं, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, बटणं लावणं. आणि रांगोळी! रांगोळी बायकांनीच काढायची असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, बाबा लोकांनीही काढावी. अंगठा आणि शेजारच्या बोटांच्या चिमटीतून रेघ सोडायची असते. पेन्सिल धरतात ती हीच बोटं. ज्या मुली-मुलांनी उंबऱ्यापाशी वेड्यावाकड्या रेघा सोडल्यात, त्यांना पहिलीत पेन्सिल धरायला शिकवावं लागलं नाही, असं मी कितीदा पाहिलंय. रांगोळी नसेल तर ताटलीत रवा घ्या, तिला त्यात बोटानं गिरवू द्या. चुकलं की ताटली हलवायची, झालं, खोडरबर लागत नाही.

तुम्ही फिटर, म्हणजे तुमच्याकडे जे आहे ते माझ्या बालवाडीत कधीच नव्हतं. एक डबा भरून जुने नट-बोल्ट आणि वायसर घ्या, साबणाच्या गरम पाण्यात तेल-ग्रीस पुरतं निघेपर्यंत धुवा, आणि दुपारी वर्तमानपत्रावर ओता. कुठला नट कुठल्या बोल्टला बसतो ते तिला शोधू द्या. बसला की फिरवायचा, आवळायचा, पुन्हा सोडवायचा. लहानमोठ्याच्या रांगा लावायच्या. नट आवळायचे पाने असतील तर दहा-अकरा, बारा-तेरा असे ओळीनं मांडायचे, त्यावरचे आकडे बोटानं चाचपायचे, लोखंडात कोरलेला आकडा बोटाला लागतो. डोळ्यांनी अंदाज करायचा, हातानं पडताळायचा, चुकलं तर दुसरा घ्यायचा. तुम्हाला आयटीआयमध्ये पहिल्या वर्षी वेगळं काय शिकवलं? फक्त लक्ष ठेवा, वस्तू तोंडात-नाकात घालायची सवय तिला अजून असेल तर हा खेळ वर्षभर लांबवा. डबा तुम्ही समोर असतानाच काढायचा. बटणासारखे गोल सेल आणि छोटी लोहचुंबकं त्यात चुकूनही नकोत, ती पोटात गेली तर फार वाईट होतं.

हे असलं घरकाम म्हणजे शिक्षण कसलं, असं मिसेसना वाटेल. त्यांना दोन गोष्टी सांगा. १९०७ साली मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टरबाईंनी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, ते कामगारांच्या मुलांसाठी. आईबाप दोघंही दिवसभर कामावर, मुलं चाळीच्या जिन्यांवर. तिथे त्या मुलांना झाडणं, पुसणं, पाणी ओतणं, बटणं लावणं अशी खरी कामं दिली गेली. ज्या नावाच्या पाटीखाली आज गल्लोगल्ली फी घेतली जाते, त्याची सुरुवात तुमच्यासारख्याच घरांतल्या पोरांपासून झाली. दुसरी गोष्ट आपल्याकडची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंखशिंपले, खडे, पानं यांवर मोजणं, लावणं, ओळखणं चालायचं. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. तुमची मुलगी जिथे दहा ते एक बसते, त्या जागेला एवढा वारसा आहे. तिथे खिचडी मिळते म्हणून ती नर्सरीपेक्षा कमी, असं समजू नका. उद्या तिला आणायला जाल तेव्हा सेविकाताईंना पाच मिनिटं विचारा, आज कुठलं गाणं घेतलं, कुठली गोष्ट सांगितली. तेच गाणं घरी म्हणा.

आता तुमच्या पाळीचं. रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला ‘मुलीशी खेळा’ सांगणं सोपं असतं, मला कळतं ते. म्हणून पडल्या पडल्या करायचेही प्रकार आहेत. तुम्ही पेशंट व्हा, ती डॉक्टर. तुम्ही डोळे मिटून पडायचं, ती तपासणार, सुई देणार, गोळ्या सांगणार. “किती गोळ्या, डॉक्टर? जेवणाआधी का नंतर?” एवढंच अधूनमधून विचारायचं. यात अर्धा तास आरामात जातो आणि पाठही टेकते. किंवा धुतलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर टाका आणि मोज्यांच्या जोड्या तिला लावू द्या. बाबांचे कुठले, आईचे कुठले, माझे कुठले. रुमालाची घडी घालताना टोकाला टोक लावलं की त्रिकोण होतो, काठाला काठ लावला की चौकोन, हे तिला स्वतःच्या हातून होऊन कळू दे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्याकडे आहे आणि ती तुम्हाला सुचली नाही याचं मला नवल वाटतं. तुम्ही रात्री जाता कुठे? तिच्या लेखी तुम्ही रोज अंधारात नाहीसे होता आणि सकाळी परत येता. यापेक्षा भारी गोष्टीची सुरुवात कुठल्या राजाकडे आहे? “काल रात्री कंपनीत काय झालं माहितीये? मोठ्ठं मशीन होतं ना, ते एकदम घर्रर्र करून बंदच पडलं.” मग तुम्ही काय केलंत, कुठला पाना मागितलात, कोण बॅटरी धरून उभं होतं, चहा कधी आला. रोज एक प्रसंग, पाच मिनिटांचा. आधी काय झालं, मग काय, शेवटी काय, ही साखळी मनात बांधता येणं पुढे वाचायला-लिहायला फार लागतं. ऐकून ऐकून तिला ती येईल. दुसऱ्या दिवशी ती तुम्हालाच चुकीत पकडेल, ‘नाही, आधी चहा आला होता’. त्या दिवशी मला पत्र टाका.

बोलताना एक पथ्य पाळा. विचारा आणि गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. मोठी माणसं प्रश्न विचारून दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतात, आणि मग म्हणतात पोर बोलत नाही. ती काही बोलली की त्यात थोडं घालून परत द्या. ती म्हणाली “गाडी गेली,” तर तुम्ही म्हणा, “हो, लाल एसटी गेली, भरलेली होती, उभ्यानं माणसं होती.” आणि शब्द हात राखून वापरू नका. लहान मुलाला लहान शब्द लागतात हा गैरसमज आहे. भोपळ्याची पाठ खरखरीत, वांगं गुळगुळीत, भेंडी चिरली की बुळबुळीत. आवळा तुरट. बंद डब्याला कुबट वास येतो, जुन्या शेंगदाण्याला खवट, भाजलेल्या बेसनाला खमंग. वास आणि चव सांगणारे इतके शब्द आपल्याजवळ आहेत आणि पोरांना आपण एकच शिकवतो, ‘छी’. रविवारी बाजारातून आणलेली पिशवी तिच्यापुढे ओता, एकेक भाजी हातात घेऊन तिचं नाव टाळ्यांवर म्हणा. कां-दा, दोन टाळ्या. ब-टा-टा, तीन. क-ढी-पत्-ता, चार. मग ‘क’नं सुरू होणारं आणखी काय आहे या ढिगात? कारलं? कोबी? कान तयार झाला की अक्षर लवकर बसतं. ‘क’ काढता येण्याच्या आधी ‘क’ ऐकू यावा लागतो.

लिक्षा म्हणते म्हणून काळजी नको. ‘र’ हा उशिरा येणारा उच्चार आहे, या वयात पुष्कळ मुलांचा तो ‘ल’ असतो. “लिक्षा नाही, रिक्षा म्हण, रि-क्षा” असं तिच्याकडून दहादा म्हणवून घेऊ नका. “हो, रिक्षा आली, पिवळ्या टपाची रिक्षा,” असं तुम्ही नीट म्हणा, ती ऐकतेय. मात्र परक्या माणसाला तिचं बहुतेक बोलणं कळतच नसेल, तीन-चार शब्दांचं वाक्य करत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा आधी येत असलेलं बोलणं कमी झालं असेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, ते कधी येणार हे सेविकाताईंना विचारा. तुमच्या पत्रावरून मला तसं काही वाटत नाही.

मोबाइलबद्दल तुम्ही ओशाळून लिहिलंय. ओशाळू नका, उकळत्या तेलापाशी पोर येण्यापेक्षा मोबाइल बरा. पण तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासाहून जास्त स्क्रीन नको, कमी तितकं चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलंय. त्याच कागदात या वयाला दिवसातून तीन तास हालचाल हवी असंही म्हटलंय, त्यातला एक तास चांगली दमछाक करणारी. म्हणून ऊन उतरल्यावर तिला खाली न्या. तिला पळू दे, चढू दे, उड्या मारू दे, तुम्ही कट्ट्यावर बसा. येताना दुकानांच्या पाट्यांवर तिच्या नावातलं पहिलं अक्षर शोधायला सांगा, गाड्यांच्या नंबरात पाच कुठे आहे ते बघायला सांगा. मग स्वयंपाकाला लागलात की तिच्यापुढे ताटात मूग आणि हरभरे मिसळून द्या, निवडायला. तुमचं काम होईपर्यंत तेवढं पुरेल, नाही पुरलं तर राजमा मिसळा. आधी वेळ दुप्पट लागेल आणि पसारा चौपट होईल हे धरूनच चाला. पुसायचं फडकं तिच्या हाताला येईल असं ठेवा, सांडलं तर ओरडायचं नाही, फडकं दाखवायचं.

एक प्रयोग सोमवारी करा. रात्री पाळीला जाण्याआधी तिच्या हातानं मूठभर मटकी भिजत घाला. मंगळवारी पाणी काढून फडक्यात बांधा. “मोड कधी येतील?” “उद्या बघू.” बुधवारी गाठोडं सोडायचा मान तिचा. मोड आले नसतील तर परवा. काल, आज, उद्या, परवा हे शब्द मुलांच्या तोंडी उलटेपालटे होतात, ती ‘उद्या आपण जत्रेला गेलो होतो’ म्हणतात. दिवस हातात धरता येत नाही, दाखवता येत नाही. मटकीच्या मोडात तो दिसतो. उसळ झाली की ती न कुरकुरता खाईल, अशी मी पैज लावत नाही, पण बहुतेक खाईलच.

मिसेसच्या रडण्याबद्दल. त्यांना मुलगी मागे पडली असं वाटतंय, कारण संध्याकाळी सातला त्या येतात तेव्हा दिवस संपलेला असतो आणि त्यांच्यासमोर शेजारच्या मुलीची वही येते. वहीत दिसतं ते खरं वाटतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि पहिलीत सहाव्या वर्षानंतर जायचं म्हटलंय. म्हणजे तुमच्या लेकीला पहिलीपर्यंत अजून दोन वर्षांहून जास्त वेळ आहे. पण धोरणानं आईचं रडू थांबत नाही. त्यापेक्षा त्या आल्या की लेकीला सांगायला लावा, “आईला सांग आज काय काय केलं.” तुम्ही मध्ये बोलायचं नाही, विसरली तर “आणि कुकर?” एवढी आठवण द्यायची. तिनं तीन शिट्ट्यांची गोष्ट सांगितली, मोज्यांची सांगितली, मशीन बंद पडल्याची सांगितली की आईला दिवस दिसेल. आणि पोळ्या लाटताना त्यांनीही तिला एक गोळा द्यावा. नकाशासारखी लाटेल. भाजून तिलाच वाढायची.

आता ते साडेचार हजार. चारएकशे रुपयांची चित्रांची पुस्तकं घ्या, मराठीतली, मोठ्या चित्रांची. वाचायला येत नाही असं म्हणू नका, अक्षर वाईट असलं म्हणून वाचन वाईट नसतं. तीच गोष्ट ती वीसदा वाचायला लावेल, वाचा. आणि एक स्टूल लागेल, ओट्यापाशी उभं राहून तिला भाजी धुता येईल असं. विकतचं घेऊ नका, ती डुगडुगतात. तुम्ही करा. पाया वरच्या फळीपेक्षा रुंद ठेवा, तिन्ही बाजूंनी आडव्या पट्ट्या घाला म्हणजे मागे पडणार नाही, कडा घासून घ्या. गॅस चालू असताना स्टुलावर तिला चढू द्यायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. मापं घेताना टेपचं दुसरं टोक तिला धरायला द्या, आणि स्क्रू किती लागतील ते आधी तिलाच मोजून ठेवू द्या.

— तुमची ताई